बिनविरोध

प्राध्यापकांना त्या संध्याकाळी दाढ काढायला जायचं होतं, म्हणून ते इमारतीच्या सभेला गेले नाहीत. गालात कापसाचा बोळा धरून परतले, तर जिन्यातच तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई भेटल्या.

"अभिनंदन, सर. तुम्ही आपल्या सोसायटीचे अध्यक्ष झालात. बिनविरोध."

'मला विचारलंत का,' असं प्राध्यापकांना म्हणायचं होतं. तोंडातून "म्म, म्म" एवढंच बाहेर आलं.

"आभार कसले मानता? तुम्ही त्याच लायकीचे आहात," असं म्हणून वकीलबाई वर निघूनही गेल्या.

तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलेला हा माणूस. निवृत्त झाल्यापासून 'सत्ता का सोडवत नाही' या नावाचं पुस्तक लिहीत होता. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं आणि प्रकाशकाने महिनाअखेरची मुदत दिली होती. ही तिसरी मुदत. चौथी मिळणार नाही, असं त्याने गोड शब्दांत कळवलं होतं. आणि आता सकाळी पेनाचं टोपण काढलं की कोणीतरी हजर. पाण्याचा पंप बसला. लिफ्ट अडकली. पहिल्या मजल्यावरचे ओले कपडे तळमजल्याच्या खिडकीत ठिबकले.

पाचव्या दिवशी प्राध्यापकांनी राजीनामा लिहून सचिवांकडे नेला. सचिव म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून परत दिला.

"असा नाही देता येत. सभेत मंजूर व्हावा लागतो."

"मग बोलवा सभा."

"बोलावतो. पण कोरम नको? बारा घरांतले सात तरी यायला हवेत."

सभेला दोघेच आले, राजीनामा देणारे आणि तो लिहून घेणारे. जो येईल त्याच्याच गळ्यात हे लोढणं पडणार, हे बाकीच्यांनी बरोबर ओळखलं होतं. पुढच्या सभेला तर पोस्टमास्तरांचाही गुडघा दुखला.

तेव्हा प्राध्यापकांनी शांतपणे विचार केला. राजा जाच करू लागला की प्रजा उठते, हे त्यांनी तीस वर्षं खडूने फळ्यावर लिहिलं होतं. लोकशाही मार्गाने सुटका नसेल, तर जुलमाने करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. दुपारी दोन ते चार लिफ्ट बंद. जिन्यातल्या चपला जप्त होतील. गच्चीवर कपडे वाळत घालायचे वार मजल्यानुसार ठरतील. खाली मोठी सही आणि 'चर्चा होणार नाही' असा शेरा.

मग ते उठावाची वाट पाहत बसले. दुपारी दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई आली. प्राध्यापक उत्सुकतेने पुढे झाले.

"बोला, अगदी मोकळेपणाने बोला."

"बरं केलंत सर. त्या लिफ्टच्या घरघरीने दुपारी डोळ्याला डोळा लागत नव्हता." तिने हातातली पिशवी पुढे केली. "आणि या चपला. जिन्यातल्या नाहीत, घरातल्याच आहेत. टाकायच्याच होत्या, म्हटलं तुम्ही जप्त करताय तर याही करा."

आठवड्याभरात प्राध्यापकांच्या बाल्कनीत तेवीस जोड जमले. गच्चीवरची भांडणं थांबली. पंपवाला बोलावल्या दिवशी येऊ लागला. कोणी तक्रार करीना. प्राध्यापकांची झोप उडाली. शेवटी त्यांनी ब्रह्मास्त्र काढलं. विशेष सभा बोलावली आणि विषय लिहिला, 'विद्यमान अध्यक्षांस तहहयात अध्यक्ष करणे'.

या सभेला खुर्च्या कमी पडल्या. बाराही घरं आली. प्राध्यापकांचा जीव भांड्यात पडला. पायउतार होतानाचं चार वाक्यांचं भाषणही त्यांनी खिशात ठेवलं होतं. पोस्टमास्तरांनी ठराव वाचला आणि सगळे हात वर गेले.

"माझा विरोध आहे," प्राध्यापक घाईने म्हणाले.

"सरांच्या विनयाची नोंद घेऊन ठराव मंजूर," पोस्टमास्तरांनी वहीत लिहिलं.

"जरा थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "तहहयात म्हणजे कागद पक्के हवेत." त्यांनी सभासदांचं रजिस्टर मागवलं, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. "सर, तुमचं घर कोणाच्या नावावर आहे?"

"हिच्या. पहिल्यापासून."

"मग तुम्ही सभासद नाही. जो सभासद नाही, त्याला अध्यक्ष होता येत नाही. म्हणजे तुम्ही अध्यक्ष कधी नव्हताच."

प्राध्यापकांना वाटलं, कोणीतरी छातीवरचा धोंडा उचलून नेला. "आणि माझे हुकूम?" त्यांनी हसू दाबत विचारलं.

"सगळे बेकायदा."

"ते राहू द्या हो, छान चाललेत," शिवणबाई म्हणाली. "मग आता अध्यक्ष कोण?"

जे उभे होते तेही पटकन खाली बसले. रजिस्टर घेऊन एकट्या वकीलबाईच उभ्या होत्या.

"ज्यांना नियम ठाऊक, त्यांनीच व्हावं," पोस्टमास्तर म्हणाले.

"अहो, मी फक्त..." वकीलबाई म्हणेपर्यंत पोस्टमास्तरांनी वहीत नोंद करून शाई टिपलीदेखील.

प्राध्यापक हलक्या पावलांनी घरी आले. बायको त्यांच्या आधीच परतून मटार सोलत बसली होती.

"घर तुझ्या नावावर आहे, हे तुझ्या लक्षात होतं?"

"माझंच घर. नसेल का लक्षात?"

"मग पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस?"

"तीस वर्षं तुम्हाला समोर कोण राहतं ते सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "परवा जिन्यात उभे राहून त्या शिवणबाईंशी तासभर बोलत होतात. म्हटलं, राहू दे थोडे दिवस."

प्राध्यापक तिच्यासमोर बसले. "पण लोकांना माझा जाच झाला असेल."

"कसला जाच? रोज संध्याकाळी सगळ्या बायका फलकासमोर जमायच्या. तुमचे हुकूम मोठ्याने वाचायचे आणि पोट धरून हसायचं."

प्राध्यापकांना आधी वाईट वाटलं. मग इतकं बरं वाटलं, की तेही हसायला लागले. "कोणता हुकूम जास्त आवडला?" त्यांनी विचारलं आणि मूठभर शेंगा पुढ्यात ओढून घेतल्या.