हिसकेरावांची ॲप-तपासणी

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "हल्ली शुगर सांभाळायला मोबाईलवर बरीच ॲप निघाली आहेत. एखादं बघा वापरून."

हे ते बायकोला म्हणाले होते. मधुमेह बायकोला होता, सहा वर्षांपासून. पण मान डोलावली ती शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या हिसकेरावांनी, आणि सगळं बिघडलं ते तिथंच.

हिसकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुलपांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. समोर आलेलं प्रत्येक कुलूप बंद करायचं, तीन हिसके द्यायचे, उघडलं तर बाद. बावीस वर्षं हेच केल्यावर लोकांनी त्यांना दुसरं काय म्हणायचं? सवय इतकी अंगात मुरलेली, की जिना उतरताना ते शेजाऱ्यांच्या दाराचं कुलूपही ओढून बघत. (एकदा ते उघडलं. शेजारी त्यानंतर वर्षभर बोलत नव्हते.)

"एखादं कशाला?" दवाखान्याबाहेर पडतानाच ते म्हणाले. "चांगली तीन घेऊ. तपासू. टिकेल ते ठेवू."

"मला माझी वही पुरते," बायको म्हणाली.

वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, हातानं रेघा आखलेली. रोज सकाळी बोट टोचून आलेला आकडा, काय खाल्लं, किती चालली, सगळं त्यात. सहा वर्षांत एक रकाना रिकामा नव्हता.

"वहीत काय, कुणीही काहीही लिहावं. वही उलटून विचारते का?"

"म्हणूनच तर आवडते."

शनिवारी बायकोला दाढ काढून घ्यायला जायचं होतं. हिसकेराव म्हणाले, मी येतो. ती म्हणाली, "तुम्ही नको. मागच्या वेळी तुम्ही दंतवैद्याची खुर्ची हलवून बघत होतात." मग त्यांनी निदान मोबाईल तरी मागून घेतला, तिच्या नावानं खाती उघडायची म्हणून. अकरा वाजता ती निघाली. दारातून म्हणाली, "गॅसवर दूध आहे. उतू जाऊ देऊ नका."

हिसकेरावांनी कारखान्यातून आणलेलं तपासणीचं पत्रक टेबलावर पसरलं. कुलूप चांगलं की वाईट हे ते किल्लीनं उघडून कधीच ठरवत नसत. चोरासारखं वागून ठरवत. ॲपशीही तसंच वागायचं त्यांनी ठरवलं. म्हणजे थापा मारायच्या.

घेतलेल्या तीन ॲपपैकी निळ्यात त्यांनी साखर टाकली १२. पाचच मिनिटांनी टाकली ५४०. खऱ्या माणसाची एवढ्यात दोन्हीकडून वाट लागली असती. निळं ॲप म्हणालं, "शाब्बास! आज तुम्ही दोनदा नोंद केलीत!" आणि पडद्यावर रंगीत फुगे सोडले. हिसकेरावांनी पत्रकावर लिहिलं: बाद. खुशामतखोर.

हिरवं ॲप ताटाचा फोटो बघून खाणं ओळखत असे. त्याला त्यांनी पितळी कुलूप दाखवलं. ते म्हणालं, "क्रीम बिस्किट, एक. टाळलेलं बरं." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांनी कॅमेरा स्वतःच्या टकलावर फिरवला. "उकडलेलं अंडं, सोललेलं. उत्तम निवड!" त्यांनी वाकून मागच्या बाजूनं फोटो काढला. "उकडलेली अंडी, दोन." बाद! (आणि संध्याकाळपर्यंत मागचा भाग आरशात बघण्याची खटपट.)

राहिलं नारिंगी. त्यानं आधी जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागितला. बायकोच्या मोबाईलमध्ये सगळ्यात वर तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा नंबर होता. त्यांनी तोच दिला. मग साखर टाकली ५४०. पडदा लाल झाला. "तुम्ही ठीक आहात का? साठ सेकंदांत उत्तर द्या."

"आता आली मजा," हिसकेराव म्हणाले, आणि उत्तर न देता घड्याळाकडे बघत बसले.

एकसष्टाव्या सेकंदाला मोबाईल वाजला. ताई. हिसकेरावांनी कापला. तपासणी चालू असताना ते मालकाचाही फोन घेत नसत. ताईंनी सात वेळा केला, यांनी सात वेळा कापला. तेवढ्यात दूध उतू गेलं, आणि ते ओटा पुसत असताना दारावर धपाधप थापा पडल्या.

दारात ताई, दोनच गल्ल्या पलीकडून धावत आलेल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची. मागे साडूभाऊ, तीन जिने चढून धापा टाकत.

"कुठाय ती?"

"नाही," हिसकेराव म्हणाले. "गेली."

ताईंनी चौकट धरली. "कधी?"

"अकराला."

"आणि आम्हाला कळवावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"त्यात काय कळवायचं, ताई? कधीतरी जायचंच होतं. गेल्या आठवड्यात गेली असती तर एवढे हाल झाले नसते."

साडूभाऊ पायरीवर बसले.

"फार हाल झाले का हो?" ताईंचा आवाज फुटला.

"रात्रभर तळमळत होती. मलाही झोप नाही."

"शेवटी काही बोलली?"

हिसकेरावांनी आठवून पाहिलं. "दूध उतू जाऊ देऊ नका म्हणाली."

ताईंनी हंबरडा फोडला. "शेवटपर्यंत संसारातच जीव हो तिचा! आणि तुम्ही? तुम्ही काय करत होतात?"

"मी तिचा मोबाईल तपासत होतो."

एका दाढेसाठी ही बाई जरा जास्तच रडते आहे, असं हिसकेरावांना वाटलं. पण बहिणीची माया म्हणून ते समजुतीनं म्हणाले, "रडू नका, ताई. त्या जागी दुसरी बसवता येते. महिन्याभरात. पहिलीपेक्षा मजबूत. नाहीतरी ही आतून किडलेलीच होती."

ताईंनी पायातली चप्पल काढली. नवऱ्याची, म्हणजे मोठी.

आणि जिन्यातून बायको वर आली. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. ताई किंचाळल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या. बायकोला बोलता येत नव्हतं. ती शांतपणे आत गेली, वही घेऊन आली आणि शेवटच्या पानावर लिहिलं, "काय झालं?"

साडूभाऊंनी ताईंच्या मोबाईलवर आलेला निरोप दाखवला: 'तुमच्या नातेवाइकाची साखर ५४०. प्रतिसाद नाही. ताबडतोब पोहोचा.' तिनं तो वाचला, टेबलावरचं पत्रक वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, "म्हणजे मी कधी मेले?"

"अकराला," साडूभाऊ नम्रपणे म्हणाले.

तिनं यंत्र काढून बोट टोचलं. १४१. वहीत लिहिलं. हिसकेराव काहीतरी बोलणार, तोच मोबाईल वाजला. ताईंनी तो स्पीकरवर घेतला. नारिंगी ॲपची मार्गदर्शक बाई होती, आवाज मधासारखा. (मधुमेह्यांसाठी हे बरं नव्हे, असं हिसकेरावांच्या मनात आलं, पण चप्पल अजून ताईंच्या हातात होती.) झाला प्रकार ताईंनी सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साखर ताणानंही वाढते बरं का. घरात रोजच्या ताणाचं कारण काय?"

बायकोनं बोट दाखवलं.

"तिचा नवरा," ताईंनी फोनवर भाषांतर केलं.

"एक ते दहामध्ये किती ताण?"

बायकोनं लिहिलं, "आजचा की रोजचा?"

"असं करा," बाई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी अर्धा तास त्या कारणापासून दूर राहा. मी ॲपमध्ये आठवण लावून देते."

बायकोनं बोळा काढला आणि दाढ गेल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली, "वहीला हे सहा वर्षांत सुचलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून रोज सहा वाजता मोबाईल टिणटिण करी, आणि हिसकेराव चपला घालून खाली उतरत. पहिला आठवडा त्यांनी रागानं फेऱ्या मारल्या, पुढे सवयीनं, आणि पावसात छत्री घेऊन. वर बायको खुर्चीत पाय वर घेऊन बसे, आणि तो अर्धा तास घरातली एकही कडी कुणी ओढून बघत नसे.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. गेल्या खेपेला तीन महिन्यांची सरासरी (ती टक्क्यांत मोजतात) आठच्या वर होती. आता सातच्या आत आली होती. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"छान! काय बदल केलात?"

बायकोनं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. अगदी गंभीरपणे चिठ्ठी लिहून त्यांनी ती तिच्या हातात दिली.

औषधाच्या दुकानात दुकानदारानं ती मोठ्यानं वाचली. "गोळी: अर्धी. पती: बाहेर, दिवसातून दोनदा, जेवणाआधी." मग चष्म्यावरून हिसकेरावांकडे नीट पाहिलं. "गोळी देतो. दुसरं आमच्याकडे ठेवत नाही."

"गोळी उद्यापासून," बायको म्हणाली, आणि तिनं पिशवी उचलली. "दुसरं आत्ताच सुरू करते. तुम्ही लांबच्या रस्त्यानं या."

आणि तपासनीस असल्यामुळे, मोडेल तिथपर्यंत ताणून बघावं म्हणून, हिसकेराव त्या दिवशी सर्वांत लांबच्या रस्त्यानं गेले. घरी पोचले तेव्हा बायकोचं बोट टोचून झालेलं होतं, आणि आकडा इतका सुरेख आला होता की तिनं दार उघडायच्या आधी त्यांना आणखी एक फेरी मारून यायला सांगितलं.