सावकाश खेळा, घाई नाही

बुद्धिबळात मला हरवणारा माणूस अख्ख्या बाभुळगाव तालुक्यात नाही! हे मी म्हणत नाही, सगळा बसस्टँड म्हणतो. आता सगळा बसस्टँड म्हणजे भीमसिंग एकटाच. पण तो ऑटो चालवतो, त्यामुळे त्याचं एक मत दिवसभरात शंभर जणांपर्यंत पोचतं.

माझं नाव जफर. मोटर, पंखे, मिक्सर, जे जळेल त्याचं वाइंडिंग करतो. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडात अळी शिरली होती. जो तो फवारणीच्या मागे. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वेळ रगड! म्हणून मी मोबाईलवर बुद्धिबळ सुरू केलं. घरबसल्या जग हरवायचं, असा साधा बेत होता.

तिथं मला तो भेटला. नाव लिहिलं होतं, 'उकंडा वणी'.

अर्ध्या तासाचा डाव. मी प्यादं पुढं केलं. समोरून काहीच नाही. बऱ्याच वेळानं त्याचं प्यादं हललं. मी घोडा काढला. पुन्हा सामसूम! माझी चाल झाली की हा बाबा सरकारी नळासारखा कोरडा. शेवटी मी त्याचा वजीर मारला, तर गडी जो थांबला तो थांबलाच. घड्याळ संपलं आणि मी जिंकलो. मी कसला जिंकलो, त्याचं घड्याळ हरलं! रिकाम्या ताटावर बसवून वाढप्यानं निघून जावं, तसं झालं मला.

मी ओळखलं, हा रडीचा डाव. हरायला लागलं की घड्याळ चालू ठेवून समोरच्याला छळायचं! म्हटलं, थांब बेट्या, तुला मात करूनच सोडतो.

रोज त्यालाच गाठायचो. रोज तीच रड. एकदा घरी ताट समोर घेऊन त्याची चाल बघत बसलो, तर मेहनाज, म्हणजे आमची बेगम, ओरडली, "वो नहीं चलता तो नको चलने दो, तुम तो खाना खाओ!"

दुसऱ्या दिवशी विमलताईंचा मिक्सर दुरुस्त करून टेस्टिंगला लावला आणि सहज फोनकडे पाहिलं. उकंडा विचारात! मीही त्याच्यासोबत विचारात! धूर नाकात गेला तेव्हा शुद्धीवर आलो. विमलताई दारातच उभ्या होत्या.

"जफरभाऊ, म्या मिक्सर दुरुस्त कराले देल्ला होता," त्या म्हणाल्या, "जाळाले नाई!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. त्या खेळात समोरच्याला निरोप लिहिता येतो. मी लिहिलं, 'हात तुटले का?' उत्तर नाही. 'निजला का रे कुंभकर्णा?' उत्तर नाही. शेवटी लिहिलं, 'डोळे फुटले का?'

यावर उत्तर आलं. 'हो.'

आणि थोड्या वेळानं, 'यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आहो. येऊन पाहा.'

मी ते भीमसिंगला वाचून दाखवलं. तो चहाचा ग्लास आपटून म्हणाला, "जफरभाई, हे तं आव्हान हाय! हारनारा मानूस नेहमीच दवाखान्यात असते! चाला, बसा ऑटोत. नसला तं खोटा पडला, अन् असला तं आपन त्याले खरोखर अ‍ॅडमिट करू!"

भीमसिंगचा दंड माझ्या मांडीएवढा. मला धीर आला. निघालो.

दवाखान्यात गर्दी अशी, की व्हरांड्यातही माणसं झोपलेली. उकंडाचं नाव विचारत विचारत एका वॉर्डाच्या दारापर्यंत पोचलो. भीमसिंग आत घुसायला निघाला, मी त्याचा शर्ट धरला. म्हटलं, थांब, रंगे हाथ पकडू. दाराच्या आडोशाला उभा राहून फोन काढला आणि उकंडाला डाव धाडला.

आत जवळच 'टुंग' वाजलं!

"अहो, तो बाभुळगाववाला आला," बाईचा आवाज.

"घे, घे! लवकर घे कौसल्या, नाई तं जाईन तो!"

"दुसरा कोनी पाहू का?"

"नाई. बाकीचे मधातच सोडून जाते. हा एकटाच थांबते."

मी भीमसिंगकडे पाहिलं. भीमसिंगनं माझ्याकडे. मी प्यादं सरकवलं. आत बाई सांगू लागली, "त्यानं एक लहान लेकरू दोन घरं समोर आनलं. मधातलं. मुकुटवाल्याच्या समोरचं."

"कोन्त्या मुकुटवाल्याच्या? दोन असते नं. क्रूसवाला का टोकावाला?"

"थांबा, पाह्यतो. लई बारीक दिसते हे."

माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. पण बोटाला सवय लागली होती. डोक्याच्या आधी बोटानं लिहून टाकलं, 'मेला का रे?' आणि ते गेलंसुद्धा!

टुंग.

"काय म्हनते?" आतल्या माणसानं विचारलं.

बाई जराशी खाकरली.

"म्हनते, सावकाश खेळा, घाई नाही."

"पाह्य! असा मानूस भेटत नाई, कौसल्या."

मी दारातून डोकावलो. खाटेवर चाळिशीचा, वाळलेला माणूस उशीला टेकून बसला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. शेजारच्या खाटेवरही तसाच एक. त्याच्या पलीकडेही. डोक्यावर गेलेल्या कपाशीत विषारी औषधाचा फवारा वर धरून मारायचा, आणि तो परत तोंडावर पडायचा. उकंडा रोजंदारीनं दुसऱ्यांच्या वावरात फवारणी करायचा.

पळून जावं असं फार वाटलं. पण भीमसिंग मागे भिंतीसारखा उभा. कसाबसा म्हणालो, "मी... जफर. बाभुळगावचा."

उकंडाचा चेहरा एकदम उजळला. त्यानं दोन्ही हात पुढे केले, पण चुकीच्या दिशेला. त्याच्या हातात भीमसिंगचा पंजा आला. तोच त्यानं छातीशी धरला. "लई मोठ्या मनाचे तुमी, जफरभाई! इतक्या दूर आले! हे मले तुमचं सारं वाचून दाखोते."

मारामारीला आलेला भीमसिंग! त्यानं हात सोडवला नाही. "हाव भाऊ, हाव भाऊ," एवढंच म्हणत राहिला, आणि नाक ओढत राहिला.

कौसल्या माझ्याकडे पाहत होती. त्या बाईला सगळं ठाऊक होतं. हात तुटले, कुंभकर्ण, डोळे फुटले, सगळं! तरी तिनं स्टूल सरकवलं आणि म्हणाली, "बसा."

मग डाव झाला. मी चाल तोंडानं सांगायचो, कौसल्या फोनवर लावायची. उकंडा जवानीत वणीच्या खाणीवर ट्रकवर क्लीनर होता. कोळसा भरायच्या लाईनीत ट्रक दिवसभर उभे, तिथं ड्रायव्हर लोकांनी त्याला शिकवलं. बरा खेळायचा. पण समोर पट नसला की डाव डोक्यात किती राहणार?

मी ठरवलं, आज याला जिंकू द्यायचं. माझा वजीर गुपचूप त्याच्या हत्तीसमोर नेऊन ठेवला.

उकंडा थांबला. "जफरभाई, वजीर फुकट कायले देता?"

"चुकून गेला हो."

"चुकून नाई गेला." त्याचा आवाज उतरला. "डॉक्टर बी गोड बोलते, घरचे बी गोड बोलते. तुमी तं खरं खेळा. एवढंच राह्यलं हाय मायापाशी."

मी वजीर मागे घेतला. खरं खेळलो. खरं खेळलो म्हणजे काय, तर भरल्या वॉर्डात एका डोळे गेलेल्या माणसाला मात केली! मी 'शह आणि मात' म्हणालो आणि सगळा वॉर्ड माझ्यावर तुटून पडला. एक म्हातारी म्हणाली, "लाज नाई वाटत का रे, मेल्या?" कोणीतरी म्हणालं, "बाहेर काढा त्याले!" सिस्टर धावत आल्या. त्या सगळ्या गोंधळात एकटा उकंडा हसत होता, खोकला येईपर्यंत.

कौसल्या व्हरांड्यापर्यंत पोचवायला आली. मी मान खाली घालून म्हटलं, "वहिनी, माफ करा."

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "पन आता शिव्या जरा कमी लिवा. त्या गोड करता करताच आमचं घड्याळ सरते."

परतीच्या वाटेत भीमसिंगनं ऑटोतलं गाणं लावलं नाही.

उकंडाला दिवाळीनंतर घरी सोडलं. एका डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो, दुसऱ्याला तोही नाही. आमचे डाव सुरू राहिले. तो थांबायचा, मी वाट पाहायचो. कोणी मिक्सर आणला तर आधी फोन खिशात ठेवायचो.

मग थंडीत एक दिवस अजब झालं. समोरून चाली भराभर यायला लागल्या. मी विचार करतो तोवर चाल! आणि माझा राजा कोपऱ्यात अडकला. मी हरलो! जवळपास कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि लिहिलं, 'वा उकंडाभाऊ! आज काय खेळलात!'

उत्तर आलं. 'ते नाही. मी कौसल्या.'

दवाखान्यात घेतलेल्या नंबरवर मी फोन लावला. ती हळू आवाजात बोलली. "त्याइनं खेळनं सोडलं, भाऊ. महिना झाला. भिताडाकडे तोंड करून पडून राह्यते. जेव म्हटलं तं जेवते, उठ म्हटलं तं उठते, पन बोलत नाई. तुमचा डाव आला का मीच खेळतो, आता कुठं हात बसला. तुमी वाट पाहून राह्यले असान म्हनून."

मी म्हणालो, "वहिनी, त्यांना सांगा, जफर हरला."

"सांगतलं. तोंड जरा इकडं फिरोलं, कसा हारला ते आयकाले. मले तं चाली सांगता येत नाई. टोपीवाला तिरपा गेला अन् तुमी मेले, एवढंच मले मालूम."

"फोन त्यांच्या कानाला लावा."

मी पहिल्या चालीपासून सांगत गेलो. माझं प्यादं, तिचं प्यादं, माझा उंट, तिचा उंट. पलीकडे फक्त श्वास. मला वाटलं, भिंतीलाच सांगतोय. माझा घोडा कडेच्या घरात नेला तिथपर्यंत आलो, तेव्हा पलीकडून खाट वाजली.

"तिथं घोडा कायले नेला?" उकंडाचा आवाज. महिनाभर न वापरलेला, गंजलेला.

"हल्ला करायला."

"कायचा हल्ला! बाईमानसानं मारलं नं तुमाले! मले आंधळ्याले दिसते ते तुमाले दिसत नाई का? पुन्हा सांगा, सुरुवातीपासून!"

पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. दर वेळी त्या घोड्यापाशी आलो की तो मला झाडायचा आणि मी ऐकून घ्यायचो. मेहनाजनं दोनदा जेवायला हाक मारली, ती ऐकूनही उठलो नाही.

घोडा तिथं न्यायला नको होता, हे एव्हाना मलाही पटलं आहे.