‘येस’ म्हटलं, ‘हो’ कुठं म्हटलं?

आप्पांना निरोप देणं हे आमच्या ऑफिसात एक कामच होतं. सकाळी बॅग खांद्याला अडकवून ते दारापर्यंत जायचे, उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचे आणि मागं वळून म्हणायचे, “येस.” मग तिथंच उभे. आपण मान डोलावली तरी चालत नसे, हात हलवला तरी चालत नसे. “बरं आप्पा” म्हटलं तर ऐकूच आलं नाही असा चेहरा करायचे. “या, आप्पा” एवढं कानावर पडलं की मगच त्यांचं पाऊल बाहेर पडायचं.

मी मूळची यावलची, लग्न होऊन धुळ्याला आलेली. आमच्या केळीच्या पट्ट्यातली बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या दिवशी हा मिशाळ माणूस दारातून माझ्याकडे बघून “येस” म्हणाला तेव्हा मला वाटलं, इंग्रजीत बोलतोय. मी म्हटलं, “हो, बोला ना.” ते गोंधळले. मी खुर्ची पुढं केली, ते बसले. थोड्या वेळानं उठून पुन्हा दारात गेले आणि पुन्हा “येस” म्हणाले. मी पुन्हा “बोला ना.” या घोळात त्यांची पिंपळनेरची गाडी गेली. शेवटी अकाउंटवाल्या भामरेभाऊंनी मला समजावलं, की ‘येस’ म्हणजे ‘येतो’. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो ना, तेच. आणि त्यावर ‘या’ म्हणायचं असतं, एवढी रीत तुमच्या यावलला असेलच की.

आमची कंपनी घरघंटी विकते. घरात बसून दळण दळायचं यंत्र, तेच. आप्पांकडे साक्री-पिंपळनेरचा पट्टा होता आणि तो त्यांच्याकडे इतकी वर्षं होता, की त्या रस्त्यावरचे कंडक्टर त्यांना तिकिटाआधी तब्येत विचारायचे. डेमोला कंपनी गव्हाची पुडी द्यायची. आप्पा ती घरी नेऊन पोळ्या करून खायचे आणि डेमो कळण्याचा द्यायचे, म्हणजे ज्वारीत उडीद घालून. दळून झालं की लगेच भाकरी टाकून बघायचा त्यांचा आग्रह असे. पीठ यंत्रात कळत नाही, तव्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. तव्यावर कळलेलं मग ताटात कळायचं, आणि ताटात ठेच्याशिवाय कळत नाही. जेवण उरकून आप्पा निघायचे तोवर पुढच्या गावच्या डेमोची वेळ टळलेली असे. विक्री व्हायची, नाही असं नाही. पण त्यांच्या रोजच्या रिपोर्टात ‘शेरा’ या रकान्यात एकच वाक्य असायचं: बठ्ठं बेस शे. म्हणजे सगळं छान आहे. मशीन विकलं तरी बठ्ठं बेस, नाही विकलं तरी बठ्ठं बेस.

जुन्या साहेबांना हे चालायचं. मग ठाण्याहून सावंतसाहेब आले.

सावंतसाहेब वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही, पण म्हणू नये एवढं चांगलंही त्यांनी काही केलं नाही. त्यांचा आवाज कायम वरच्या पट्टीत, आणि चूक कोणाचीही असो, तोंड आप्पांकडे. आल्या आल्या त्यांनी सगळ्या सेल्सच्या लोकांना मोबाइलवर आपलं ठिकाण दाखवत राहायला लावलं. आपण एसीत बसून नकाशावरचे ठिपके हलतात की नाही ते बघायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार. आप्पांना ते ठिपक्याचं तंत्र जमेना. ते ग्रुपवर बोलून संदेश पाठवायचे. “साहेब, आता कुसुंब्याला चहा घेऊन राहिलो. चहा बेस शे.” मागून बसचा हॉर्न आणि कोणाच्या तरी हसण्याचा आवाज. ग्रुपवर आम्ही सगळे अळीमिळी गुपचिळी.

खरी ठिणगी पडली ती जळगावच्या मीटिंगमध्ये. हॉटेलचा हॉल, पडद्यावर रंगीत आकडे. सावंतसाहेबांनी पिंपळनेर पट्ट्याचं पुढच्या तिमाहीचं टार्गेट सांगितलं. ते ऐकून माझ्या शेजारच्या शिरपूरवाल्याच्या हातातला समोसा तसाच राहिला. त्या पट्ट्यात तेवढी घरं तरी आहेत का, असा प्रश्न होता. साहेबांनी आप्पांकडे बोट करून विचारलं, जमेल ना? तेवढ्यात आप्पांना आठवलं असावं, की धुळ्याची शेवटची सोयीची गाडी चुकेल. ते बॅग घेऊन उठले, हात जोडले आणि सगळ्यांदेखत स्पष्ट म्हणाले, “येस साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला. एवढा जुना माणूस उभा राहून हात जोडून कबूल करतोय म्हटल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्हालाही वाजवायला लावल्या. खान्देशातल्या प्रत्येकाला कळलं होतं, की आप्पा घरी निघालेत. पण सांगणार कोण? आप्पा टाळ्यांच्या गजरात दारात उभे, ‘या’ची वाट बघत. शेवटी मीच हळूच “या, आप्पा” म्हटलं तेव्हा गेले.

तिमाही संपली आणि साहेबांनी आप्पांना केबिनमध्ये घेतलं. केबिनला काच आहे आणि मला चौकश्यांची खोड आहे, त्यामुळे फायली लावायला मी नेमकी तेव्हाच तिथं गेले. साहेब ओरडत होते, सगळ्यांसमोर शब्द दिलात, आता कुठं गेला तो शब्द? आप्पा खरोखरच बुचकळ्यात पडले होते. जरा विचार करून म्हणाले, “साहेब, मी ‘येस’ म्हटलं. ‘हो’ कुठं म्हटलं?”

यात टिंगल नव्हती, पण साहेबांना ती सरळ टिंगल वाटली. त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या दिवसापासून त्यांनी आप्पांचा पिच्छाच पुरवला. सगळ्यांसमोर उभं करून जुने रिपोर्ट मोठ्यानं वाचायला लावायचे. आप्पाही गंभीर आवाजात “बठ्ठं बेस शे, बठ्ठं बेस शे” असं पान पान वाचायचे. हसावं की रडावं ते कळेना. मला आप्पांचा राग यायचा तो वेगळाच. हा माणूस सहन का करतोय? पोटाचा प्रश्न नव्हता. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा सुरतला नोकरीत आणि दर फोनला बापाला बोलावणारा. धुळ्यातला एक भांड्यांचा व्यापारी त्यांना दुकानात बसायला या म्हणून मागं लागला होता. पंख्याखाली खुर्ची, चहा जागेवर. मी विचारलं, जात का नाही? तर म्हणाले, “दुकानमां लोक आपलाकडे येतस. आपले कथा जानं पडत नही.” आपल्याला कुठं जावं लागत नाही, याला तोटा म्हणायचं, हे मला काही पटेना.

मग साहेबांनी शेवटचा घाव घातला. आप्पांचा पट्टा काढून घेतला आणि त्यांना ऑफिसात फोनवर बसवलं. बसल्या जागी गिऱ्हाइकांना फोन करायचे, मशीन ठीक आहे का विचारायचं, नवीन मॉडेल सांगायचं. टेबल माझ्या शेजारीच, त्यामुळे पुढचं सगळं मी कानांनी ऐकलं आहे.

आप्पा फोन लावायचे. घरच्या म्हातारीपासून गोठ्यातल्या गायीपर्यंत विचारपूस व्हायची. शेवटी आप्पा म्हणायचे, “बरं, येस मंग.” पलीकडून फोन बंद. फोनवर कोण ‘या’ म्हणतं? लोक बटण दाबतात. आप्पा फोनकडे बघत राहायचे आणि पुन्हा तोच नंबर लावायचे. “माय, मी ‘येस’ म्हटलं, तू काही बोलनी नही.” पलीकडची बाई हसायची, “या, आप्पा, या” म्हणायची, मग आप्पा पुढचा नंबर फिरवायचे. साहेबांनी हे पकडलं तेव्हा एका गिऱ्हाइकाला दोन-दोन फोन करता म्हणून भर ऑफिसात झापलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी दुसरा फोन करणं बंद केलं. बोलणं संपलं की नुसते बसून राहायचे. आठवड्याभरात त्यांचा चेहरा इतका उतरला की भामरेभाऊंनी त्यांना साखर तपासून घ्यायला सांगितलं.

महिना संपायच्या आत आप्पांनी राजीनामा दिला. त्यांनी साहेबांकडे एकच गोष्ट मागितली: पट्ट्यात घरोघरी शेवटची एक फेरी मारू द्या, लोकांना सांगून येतो. साहेब म्हणाले, गिऱ्हाईक कंपनीचं आहे, तुमचं नाही. गेलात तर बघून घेईन. आप्पा बरं म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळी सगळं ऑफिस काम करण्याचं सोंग करत होतं. आप्पा बॅग घेऊन केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “जास साहेब.”

‘जास’ म्हणजे ‘जातो’. आमच्याकडे काय किंवा धुळ्याकडे काय, निघताना ‘जातो’ कोणी म्हणत नाही. ‘जातो’ म्हणजे परत येणं नाही. आप्पांनी त्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं, की तुझं दार मला संपलं. एवढी मोठी शिवी त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नसेल. पण साहेब मोबाइलमध्ये बुडालेले. त्यांनी मानही वर न करता म्हटलं, “येस, येस.”

आणि आप्पांच्या तोंडून, सवयीनं, अगदी मनापासून निघून गेलं, “या साहेब, या.”

भामरेभाऊ टेबलाखाली वाकून पेन शोधायला लागले. आप्पांना काय झालं ते कळलं, तेही मिशीत हसले. पण जिन्यावर मी त्यांना गाठलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

ते गेल्यावर पंधरवड्यानं ऑफिसच्या फोनवर पिंपळनेरहून एक अक्का बोलत होत्या. मी तक्रार लिहून घ्यायला पेन काढलं आणि विचारलं, मशीनला काय झालं?

“मशीनले काय धाड भरनी? मशीन बेस शे. मानूस कथा गया ते सांग. आम्ही त्यास्ले ‘या’ म्हनेल शे, आनि त्या उनात नही.”

माणूस कुठं गेला, आम्ही ‘या’ म्हटलेलं असताना तो आला का नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, त्यांनी नोकरी सोडली. अक्का म्हणाल्या, मग त्यात न येण्यासारखं काय आहे? त्या आठवड्यात साक्रीहून असाच फोन आला, मग कुसुंब्याहून. एकीनं तर मला दमच दिला, की तुम्ही लोकांनीच त्यांना काही केलं असेल.

मी धुळ्यातच देवपूरला आप्पांच्या घरी गेले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, पायांत मोजेसुद्धा, आणि माणूस पलंगावर नुसता बसलेला. मी न राहवून विचारलं, आप्पा, हे ‘या’चं काय आहे हो? ते खिडकीकडे बघत म्हणाले, बायको चुलीपुढून मान वर न करता ‘या’ म्हणायची. भांडण झालं असलं तरी म्हणायची, फक्त जरा जोरात. “आते कुलूपले ‘येस’ म्हनस मी. कुलूप काय बोली?” दुसऱ्याच्या दारात कोणी ‘या’ म्हटलं, की आपण उद्या यावं असं कोणाला तरी वाटतंय एवढं कळायचं. तेवढ्यावर दिवस निघायचा. इतकी वर्षं आप्पा ताकाला जाऊन भांडं लपवत होते आणि आम्हाला वाटत होतं घरघंटी विकतायत.

मी अक्कांचा निरोप सांगितला. त्यांनी आधी घाबरून विचारलं, मशीन बिघडलं का? म्हटलं, नाही. मग कोणाला नवीन पाहिजे का? म्हटलं, तेही नाही. तुम्ही कुठं गेलात एवढंच विचारतायत.

आप्पा मोज्याचा सैल धागा बोटाला गुंडाळत राहिले. एवढा दारोदार हिंडलेला माणूस, पण काही काम नसताना कोणाच्या दारी जायचं म्हटल्यावर लाजला होता. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

“बिगर कामना गयं ते चाली का वं माय?”