त्याला सांगा

ज्या वर्षी धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं आणि थोरला भाऊ हॉलच्या दारापर्यंत येऊन, "आई, त्याला सांग, मी येऊन गेलो," एवढं बोलून माघारी वळला, त्याच वर्षीची ही गोष्ट.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. कशावरून बिनसलं हे आता दोघांनाही आठवत नव्हतं. चूक कुणाची, ते मात्र दोघांनाही तोंडपाठ होतं. तरी घर सुरळीत चालत होतं, कारण मध्ये आई होती. जेवताना थोरला म्हणे, "आई, त्याला सांग, मीठ इकडे सरकव." मीठ सरके. मागोमाग धाकटा म्हणे, "आई, त्याला सांग, रक्तदाब आहे, बेतानं घे." अशी माया होती.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "पंधरवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही." आईचा आवाज बंद झाला आणि सगळ्या घराची वाचा बसली.

नेमकं त्याच सुमारास हॉस्पिटलात नवं धोरण आलं होतं. रुग्ण एकटा आजारी पडत नाही, त्याचं कुटुंबही पडतं. सबब कौटुंबिक परस्परसंबंधांचं मूल्यमापन करून त्यांना यथोचित आधार देणं हे परिचारिकेचं कर्तव्य ठरलं. विचार चांगलाच होता. परिचारिका मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

आईच्या खाटेशी जी सिस्टर होती, ती वॉर्डात मुरलेली. तिनं खाटेच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन मुलांना धोरणाप्रमाणे विचारलं, "घरी आजींचं कोण बघतं?"

थोरला म्हणाला, "सिस्टर, त्याला सांगा, आईला खोकला होता तेव्हा पंखा बंद करायचं त्याला सुचलं नाही."

सिस्टर भाबडी. ती धाकट्याकडे वळली. "भाऊ, ते म्हणताहेत की पंखा..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, पंखा आईनंच लावायला सांगितला होता."

आई छताकडे बघत पडली होती. मेट्रनबाई दारातून बघत होत्या. दोन वैरी समोरासमोर, आणि आवाज चढला नाही, ग्लास फुटला नाही! मेट्रनबाईंनी वर कळवलं. वरच्यांनी त्याच्याही वर कळवलं. आठवडा उलटायच्या आत सिस्टरला इंजेक्शन, सलाईन अशा किरकोळ कामांतून मोकळं करण्यात आलं आणि तिच्या छातीवर बिल्ला लागला: 'कुटुंब-संवाद परिचारिका'.

शेजारच्या खाटेवर एक नवरा होता. त्याची बायको त्याच्याशी सकाळ-संध्याकाळ मोकळेपणानं भांडत असे. बिल्ला पाहून ती मेट्रनबाईंना म्हणाली, "त्यांनाच का ही सोय? आम्ही काय घोडं मारलंय?" त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलायची थांबली. मग पलीकडचे बापलेक थांबले. मग ज्याला त्याला संवाद परिचारिका हवी झाली, आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या सिस्टर त्या कामाला लागल्या. शेवटी भिंतीवर पाटी आली: 'नातेवाइकांनी आपापसांत थेट बोलू नये. गैरसमज होतात.'

पंधरवडा सरला. एका दुपारी सिस्टर उशी सारखी करत होती, तोच आई हळूच म्हणाली, "पोरी, पडदा ओढ."

"अगं बाई! आजी, आवाज आला की!"

"ओरडू नकोस. आलाय, पण कुणाला सांगायचं नाही. आयुष्यभर ह्या दोघांची हमाली केली. आता एकमेकांशी एक शब्द बोलू देत. शिवी का असेना. ती कानावर पडली की मी बोलेन."

"आणि नाहीच बोलले तर?"

"तर मुकीच बरी. फक्त तू मध्ये पडू नकोस."

"आजी, माझी नोकरीच मध्ये पडायची आहे."

तरी दुसऱ्या दिवशी तिनं धीर केला. थोरल्याला म्हणाली, "दादा, आज तुम्हीच सांगा ना. हात लांब केलात तर लागतील ते." थोरला तडक मेट्रनबाईंकडे गेला. धाकटाही गेला, दुसऱ्या जिन्यानं. दोघांची तक्रार शब्दाला शब्द तीच होती. आयुष्यात पहिल्यांदा भावांचं एकमत झालं होतं.

मेट्रनबाई सिस्टरला म्हणाल्या, "एक भरलं घर तुमच्या हट्टापायी मोडायचं का?" सिस्टर पुन्हा मध्ये उभी राहिली.

पुढं आईला ताप चढला, तो छातीत उतरला आणि तिला वॉर्डालगतच्या वेगळ्या खोलीत हलवलं. डॉक्टरांनी मुलांना बोलावून घ्यायला सांगितलं. दोघे आले आणि खोलीच्या दाराशी अडले.

"सिस्टर, त्याला सांगा, आधी त्यानं आत जावं. उगाच मागाहून ऐकून घ्यायला नको."

"त्यांना सांगा, थोरल्याचा मान पहिला."

आत आईची घंटा वाजली.

"आजी बोलावताहेत," सिस्टर म्हणाली.

"जा हो, पण आधी त्याला एवढं सांगा, की मान द्यायचा होता तर लग्नात..."

घंटा पुन्हा वाजली. वॉर्डातल्या बाकी सिस्टर आपापल्या दोन नातेवाइकांच्या मध्ये उभ्या होत्या. शेवटी हिनंच वाक्य अर्धं टाकून आत धाव घेतली.

आईचा श्वास वर लागला होता. तिनं विचारलं, "बोलले का गं?"

"बोलले, आजी. आधी तू जा, आधी तू जा, म्हणताहेत."

आईच्या डोळ्यांत क्षणभर उजेड आला. मग तिनं विचारलं, "कुणाकरवी?"

सिस्टरला खोटं सुचेपर्यंत आईचे डोळे मिटले होते.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "आजी गेल्या."

थोरला भिंतीला टेकून ढसाढसा रडला. मग म्हणाला, "सिस्टर, त्याला सांगा, आई गेली."

धाकटा त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ उभा होता. रुमालातून म्हणाला, "त्यांना सांगा, मला ऐकू आलं."

हॉस्पिटलच्या नोंदीत शेरा आहे: 'दोन्ही मुलगे हजर. संवाद शेवटपर्यंत अखंड.' आता ही सेवा घरपोचही मिळते. मागणी फार आहे. निरोप कुणाला द्यायचा तेवढं सांगा. पत्ता द्यावा लागत नाही. तो माणूस बहुतेक बाजूच्याच खोलीत असतो.

आई त्याच वर्षी, नातीच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात, एका मंगळवारी दुपारी भेटीच्या वेळेत वारली.