बिनअक्षरी प्रवासी

बिनतिकिटाचा माणूस बाकाखाली कितीही खोल शिरला तरी त्याच्या बुटांच्या वासावरून तो कुठल्या स्टेशनावर चढलाय ते आपल्याला कळतं, असं तपासनीस सांगत. आणि ऐकणारा मान डोलावेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत. सारी हयात रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेलेली. एकदा म्हणे त्यांनी एका पोपटाला दंड ठोठावला होता, आणि पोपटाने हुज्जत न घालता पावती मागितली होती!

निवृत्तीनंतर मात्र हात शिवशिवू लागले. घरच्या मांजरालासुद्धा ते दारात अडवायचे.

अशात मेहुण्याने घरचा संगणक नवा करून दिला. म्हणजे पेटी जुनीच, आतली ऑपरेटिंग सिस्टीम नवी. कारणही तसंच होतं. मुलगी पुलांचे आराखडे काढायची, आणि ज्या कंपनीसाठी ती झुरत होती तिने त्याच दिवशी चारला तिची मुलाखत ठेवली होती, याच संगणकावरून. मेहुणा जाताना बजावून गेला, "भाऊजी, चारपर्यंत नुसतं बघा. हात लावू नका."

तपासनीस बघत बसले. बघता बघता डिस्कचे भाग दाखवणारी एक खिडकी उघडली आणि त्यांचे डोळे चमकले. गाडीत बसावेत तसे सगळे भाग ओळीने बसलेले! सी आणि डी, दोघांकडे आपापलं ठसठशीत अक्षर. पण सगळ्यात पुढे अंग चोरून बसलेला तो बारका कोण? ना अक्षर, ना नाव. एरवी कुठे दिसतही नव्हता पठ्ठ्या.

"तुझ्या भावाने कोणाला तरी फुकटात बसवलंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

ती मुलीच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. वर न बघताच म्हणाली, की उतरेल तो त्याचं स्टेशन आलं की.

पण तपासनिसांच्या गाडीत असं चालत नसे! त्यांनी त्या बारक्याला पुसायला घेतलं. संगणक ऐकेना. जो उतरायला नकार देतो तोच हमखास बिनतिकिटाचा, हा तर त्यांचा जन्माचा अनुभव. इंटरनेटवर एका परोपकारी महाभागाने अशा हट्टी भागांना बखोट धरून काढायची युक्ती लिहून ठेवली होती. तपासनिसांनी ती अक्षर न् अक्षर टंकली, बारक्याला उतरवलं, आणि विजयी मुद्रेने संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळा तो काळाच. सुरू व्हायला काही सापडत नाही, एवढीच एक ओळ.

त्यांनी बटण दाबलं, पेटी थोपटली, शेवटी दटावलंही. तेवढ्यात मुलगी ओले केस पुसत आली.

"बाबा, कशाला हात लावलात?"

ती रडली नाही, ओरडली नाही. मटकन खाली बसली आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली. ते बघून तपासनिसांची पाचावर धारण बसली. दार अडवून तपासनीस उभा आणि खिसे रिकामे, तेव्हा माणसाला काय होतं, ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

बायकोने भावाला बोलावलं. तो हेल्मेटसकट आत घुसला. तपासनिसांनी खालमानेने सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून तो असा हसला की हेल्मेटची काच आतून धुरकटली.

"भाऊजी, तो ड्रायव्हर होता!"

"पण त्याच्याकडे अक्षर नव्हतं."

"तुमच्या गाडीत ड्रायव्हर तिकीट काढायचा का?"

मग काम करता करता त्याने समजावलं. बटण दाबलं की आधी तो बारका जागा होतो आणि बाकीची गाडी ओढतो. चुकून कोणी त्याला धक्का लावू नये म्हणूनच तो लपवलेला असतो. सी, डी आणि मुलीचे सगळे पूल जागच्या जागी शाबूत होते. गाडी तेवढी बिनड्रायव्हरची उभी होती.

चारच्या आत नवा ड्रायव्हर चढला. मुलाखतभर तपासनीस दाराबाहेर श्वास रोखून उभे. ऐन वेळी गोंधळ झाला तर डोकं शांत राहतं का, असं तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, घरीच रोजचा सराव आहे. समोरचे खळखळून हसले, आणि नोकरी पक्की झाली.

जिवावरचं संकट टळल्यासारखे तपासनीस सैलावले. त्यांनी पुन्हा ती खिडकी उघडली, नुसती बघायला. ओळीच्या पार शेवटी आणखी एक बिनअक्षरी बसला होता.

"आणि हा?"

"तो गार्ड," मेहुणा म्हणाला. "गाडी घसरली तर सावरायला."

"म्हणजे एका गाडीत दोन-दोन फुकटे!" तपासनिसांचं बोट वळवळलं.

मुलीने उतरवलेला सदरा घडी करता करता बायको शांतपणे म्हणाली, "अहो, जन्मभर फुकटच्या पासावर फिरलात. तुम्हाला उतरवलं का कोणी?"