वरपक्ष, वधूपक्ष आणि रिपब्लिकन पक्ष

"बाबा, ते म्हणाले सूर्य पश्चिमेला उगवतो, तरी हो म्हणायचं. प्रॉमिस?"

विजयकुमारांनी लेकीपुढे मान डोलावली, पण मोठ्या नाराजीने. वीस वर्षं अबुधाबीत तेलाच्या कंपनीत नोकरी केलेला हा माणूस. मत द्यायचा हक्क ना इथे, ना अमेरिकेत. तरी कट्टर डेमोक्रॅट. संध्याकाळचा चहा अमेरिकन बातम्यांशिवाय घशाखाली उतरायचा नाही. पृथ्वी तापत चालली आहे हे ते इतक्या कळकळीने सांगत, की खलिफा सिटीतल्या त्या बिल्डिंगमधले शेजारी त्यांना पाहून लिफ्ट सोडून जिना धरत. घरातला एसी सव्वीसच्या खाली गेला तर तो त्यांना स्वतःच्या हातून घडलेला गुन्हा वाटे.

आणि लेकीने, शुभ्राने, पसंत केलेल्या वेदांगचे वडील निघाले पक्के रिपब्लिकन! सूर्यकांत उपासनी, तीस वर्षं ह्यूस्टनला. पुण्याला जाता जाता बापलेक एक दुपार अबुधाबीला उतरणार, जेवणार आणि साखरपुड्याची तारीख ठरवणार.

"वेदांगच्या बहिणीचं ठरलेलं लग्न हवामानाच्या वादावरून मोडलंय बाबा. डायनिंग टेबलवर! आय कान्ट रिस्क इट."

लेकीचे डोळे भरून आले आणि विजयकुमार विरघळले. आठवडाभर कानाला हेडफोन लावून त्यांनी विरोधी चॅनेल पाहिला. मुद्दे डायरीत उतरवले, काढा प्यावा तसे तोंड वाकडं करून पाठ केले.

शनिवारी दुपारी एक वाजता पाहुणे घाम पुसत आत आले. बाहेर शेहेचाळीस डिग्री. विजयकुमारांनी रिमोट उचलला आणि एसी थेट अठरावर आणला. त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई हातातला पाण्याचा ट्रे घेऊन बघतच राहिल्या.

"बसा उपासनीसाहेब! गार वाटतंय ना? लोक उगाच बोंब मारतात, पृथ्वी तापतेय म्हणून. अहो, उन्हाळा आहे, तापणारच! सगळं थोतांड."

उपासनींनी एसीकडे आशेने पाहिलं, मग मुलाकडे, आणि सुस्कारा सोडला. "असं म्हणू नका विजयराव. हा सगळा माणसाने केलेला उत्पात आहे. मी तर म्हणतो, एसी बंदच करा."

आता यातली गोम अशी, की विमानात वेदांगनेही बापाकडून अगदी असंच वचन घेतलं होतं. शुभ्राने आपलं वचन वेदांगला सांगितलं नव्हतं, वेदांगने आपलं शुभ्राला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांचीही दातखीळ बसली. बोलायचं तर दोन्ही बाप पहिल्याच भेटीत खोटे पडणार!

विजयकुमारांना वाटलं, टेक्ससचं पाणी आहे, आपली परीक्षा घेतंय. ते आणखी जोरात सुटले. "कार्बन डायऑक्साइडने झाडं वाढतात हो! वाढू द्या की!"

"वाढू द्या? हवेत आज चारशेवीस टक्के कार्बन झालाय!"

विजयकुमारांच्या काळजात कळ आली. आपली बाजू कुणी इतकी वाईट मांडावी? "टक्के नाही हो, पीपीएम! दहा लाखांत चारशेवीस! शंभरात चारशेवीस कसे बसतील?"

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"वाचलं होतं. विरोधकांचं वाचावं लागतं. पण टेक्ससला बर्फ पडलं, म्हणजे पृथ्वी थंड होतेय, हे तर खरं?"

आता कळवळायची पाळी उपासनींची. "अहो, इतका पोरकट मुद्दा कोणता रिपब्लिकन काढतो? त्यांनी खर्चाचा मुद्दा काढायचा! नोकऱ्यांचा! म्हणजे... ते चूकच आहेत, पण निदान नीट चुकू द्या त्यांना!"

"बाबा, भरली वांगी घ्या," सगळ्यांना टेबलाशी बसवून वाढता वाढता शुभ्रा म्हणाली. कुणी घेतली नाहीत.

"एसी बंद करून बोला," म्हणत उपासनींनी रिमोट दाबला.

"पाहुण्यांना उकाड्यात बसवू?" विजयकुमारांनी तो हिसकावून पुन्हा चालू केला.

बंद. चालू. बंद. चालू. पाचव्या खेपेला खट्ट आवाज झाला आणि अख्ख्या घराची वीज गेली. मेन स्विच वर करावा, तर तो लगेच खाली पडे.

सुनेत्राबाईंनी बिल्डिंगचं काम बघणाऱ्या जहूरभाईंना फोन लावला. "यल्ला जहूरभाई, या लवकर!"

"भाभी, मी जबल अलीला हाय. दीड तासात पोचतो, इन्शाल्ला."

वीस मिनिटांत हॉलची भट्टी झाली. आमरस कोमट झाला. उपासनींचा शर्ट पाठीला चिकटला, कानशिलावरून घामाच्या धारा लागल्या, तरी ते पृथ्वी वाचवत होते. अखेर त्यांनी चमचा आपटला.

"बस्स! खलास! मी रिपब्लिकन आहे! मला एसी सोळावर लागतो!"

मग विजयकुमार ताडकन उठले. "तर मग मीही सांगतो, मी डेमोक्रॅट आहे! आणि मघाशी अठरा केला तेव्हा माझा जीव तुटत होता!"

शुभ्राने तोंड ओंजळीत लपवलं. गेलं लग्न.

"गाडीत एसी आहे," सुनेत्राबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी खाली चला सगळे."

पार्किंगमध्ये विजयकुमारांनी जागच्या जागी गाडी सुरू केली. फक्त एसीसाठी पेट्रोल जाळायचं! आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही बाप पुढे, बाकीची तिघं मागे, सुनेत्राबाईंच्या मांडीवर आमरसाचं पातेलं. गार झोत लागला तसे उपासनी निवळले.

"खरं सांगू विजयराव? मी सोलर पॅनल विकतो. गिऱ्हाईक सगळं तुमच्या मताचं. दिवसभर त्यांच्या हो ला हो. घरी येऊन मनातलं बोलावं, तर बायको टीव्हीचा आवाज वाढवते."

विजयकुमारांना एकदम भरून आलं. "आणि मी तेलवाल्यांच्या मीटिंगमध्ये वीस वर्षं मान डोलावतोय. बिल्डिंगमध्ये तोंड उघडलं की लोक पळतात. कुणी थांबून, समोर बसून, विरोध म्हणून करत नाही हो!"

"मी करतो ना! तुमचा सगळा पक्ष मूर्खांचा आहे."

"आणि तुमचा लबाडांचा!"

मग जी जुंपली, ती पाहण्यासारखी होती. कर झाले, निवडणुका झाल्या, पवनचक्क्या झाल्या. गाडी हलत होती ती इंजिनाने की त्या दोघांच्या हातवाऱ्यांनी, सांगणं कठीण. दोघांचेही चेहरे उजळले होते.

मागे शुभ्रा वेदांगच्या कानाशी लागली. "एव्हरी व्हेकेशन हे ऐकायचं? लेट्स पोस्टपोन अ बिट."

"टोटली," वेदांग म्हणाला.

पुढचा आवाज थांबला. दोन्ही बाप एकदमच मागे वळले.

"पोस्टपोन?" उपासनी कडाडले.

"खबरदार!" विजयकुमार गरजले. "लग्न पुढच्याच महिन्यात होणार. तुमचं जमो न जमो, आमचं जमलंय!"