पाव किलो मीठ

रत्नागिरीला बदलून आलो त्या मे महिन्यात मी पाव किलो मीठ विकत घेतलं.

यात काय चुकलं हे ज्यांना कळलं नसेल ते माझ्यासारखेच घाटावरचे. मला ते कळलं दुकानात एकदम पसरलेल्या शांततेवरून. माझ्या पुढच्या बाईंनी खडेमिठाचं अर्धं पोतं नेलं होतं. माझं मागणं ऐकून दुकानदाराचा हात हवेतच राहिला. तेवढ्यात मागून, बसस्टँडच्या भोंग्यातून यावा तसा लांबवलेला आवाज आला, "पाहुणे पावसाआधीच परत निघाले वाटतं."

ते तात्या. आमच्या दोन घरांच्या मधे चिऱ्याच्या दगडांचा एक बुटका गडगा होता. गडग्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते.

तात्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खाकी सदरा अंगावरून उतरला नव्हता आणि आवाजही. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना येणारी किंवा जाणारी, वेळेवर किंवा उशिरा, एवढीच दिसायची. सकाळी गडग्यावरून ते मला सांगत, "दूधवाला दहा मिनिटं उशिराने येत आहे." पावसाचीही ते तशीच खबर देत. मात्र त्याचा फलाट सांगत नसत.

दुकानातून परत येताना त्यांनी मला आगोट म्हणजे काय ते सांगितलं. पावसाचे चार महिने पुरेल एवढा जिन्नस वैशाखातच घरात भरून ठेवायचा, याला आगोट म्हणतात. तांदूळ, कुळीथ, मिरची, आमसुलं, कांदे, सुकी मासळी, आणि मीठ. पाव किलो नव्हे. मी म्हटलं, पावसात काय दुकानं बंद असतात? तात्या थांबले. "दुकानं उघडी असतात ओ. पण बाई दुकानाकडे बघत नाही. ती फळीवरच्या डब्यांकडे बघते. डबा रिकामा दिसला की तिला परतीची गाडी दिसते."

हे माझ्या वर्मी लागलं. माझ्या खिशात बायकोचं, सुलभाचं, सोलापूरहून आलेलं पत्र होतं. कोकणात भिंतींना बुरशी येते आणि माणसांना जळवा चिकटतात, असं सासऱ्यांनी तिच्या मनात भरवलेलं होतं. तिने लिहिलं होतं, पंधरा दिवसांनी येते, आठ दिवस राहून बघते, जमलं तर राहीन, नाही तर तुमची पुढची बदली होईपर्यंत मी इथेच बरी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी ते पत्र तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "डबे किती आहेत?"

दोन होते. एकात दाढीचं सामान होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची आगोट सुरू झाली. तात्या खरेदीला बाजारात जात नसत. त्यांचा बाजार गाड्यांच्या टपावरून उतरायचा. ते मला स्टँडवरच्या पिंपळाखाली बसवत आणि डोळे मिटत. मेमधली ती दुपार मला अजून तशीच आठवते. तांबडी धूळ हवेत नुसती तरंगत असायची, कुठेतरी गवताच्या अढीतून पिकलेल्या आंब्याचा वास येत असायचा, आणि सगळं स्टँड पेंगुळलेलं. अशात दूर चढावर एखादी गाडी कण्हली की तात्या मिटल्या डोळ्यांनीच सांगत, "कोल्हापूर. मिरची आहे टपावर. घाट उतरून आलेल्या गाडीचा वास कोरडा असतो."

गाडी वळून आत येई आणि खरंच मिरचीची पोती असत. पालीच्या गाडीतून कुळीथ आणि तांदूळ उतरले. राजापूरच्या गाडीतून आमसुलं. एक म्हातारी त्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन आली होती. तात्यांनी तिला विचारलं, यंदा ऊन पुरलं का? ती म्हणाली, पुरलं. त्यावर दोघं गप्प बसून राहिली. बराच वेळ. घासाघीस ही अशी गप्प बसूनही करता येते हे मला तेव्हा कळलं.

नाटे गावच्या गाडीतून सुके बोंबील आले. मी सोलापूरचा, मटणाला वाघ. पण त्या वासापुढे मी श्वास कोंडून उभा राहिलो. "श्वास घ्या, पाहुणे," तात्या म्हणाले. "नाक बंद ठेवून घेतलेला बोंबील ओला निघतो." मी श्वास घेतला आणि मिरचीच्या पोत्यावर बसलो. नंतर त्याचाही पश्चात्ताप झाला.

घरी तांदळाला ऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर ऊन दिलं आणि संध्याकाळी, आपण आता तयार झालो अशा थाटात, गरमागरम तांदूळ डब्यात भरून झाकण दाबून बसवलं. तात्या गडगा ओलांडून आले, डब्याला हात लावला आणि तापलेल्या लेकरासारखा तो उचलून अंगणात उपडा केला. "घाम फुटेल ना त्याला," एवढंच म्हणाले. आम्ही दोघं ते तांदूळ निवेपर्यंत पडवीत बसून राहिलो.

डबे कमी पडले म्हणून एका सकाळी मी त्यांच्याकडे मागायला गेलो. ते मागे विहिरीवर होते. मी सरळ स्वयंपाकघरात शिरलो. भिंतभर डबे होते, पितळेचे, पत्र्याचे, सगळे काठोकाठ भरलेले. प्रत्येकावर वळणदार अक्षरात चिठ्ठी: कुळीथ, पाली. आमसुलं, राजापूर. कोपऱ्यात उंचावर मिठाचं मोठं मडकं. आणि खाली चूल स्वच्छ सारवलेली. तिच्यात राखेचा कणही नव्हता. त्या चुलीवर कित्येक वर्षांत काही शिजलं नव्हतं.

"मी खाणावळीत जेवतो," तात्या दारातून म्हणाले.

मग हे सगळं कुणासाठी?

ते ओले हात पुसत राहिले. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुंबईला मुलाकडे होत्या. तात्या निवृत्त झाले त्याच वैशाखात सुनेच्या बाळंतपणासाठी महिनाभर म्हणून गेल्या. तो नातू आता पहिलीत होता. दर वर्षी तात्या आगोट भरत आणि काकींना पत्र टाकत: सर्व भरून ठेवले आहे. दर वर्षी काकींचं उत्तर येई की यंदा जमत नाही. दसऱ्याला, कीड लागेल म्हणून, ते सगळे डबे आळीत वाटून टाकत.

"तीस वर्षं तिने एकटीने आगोट भरली," ते म्हणाले. "कुठल्या गाडीच्या टपावर काय आहे ते मला पाठ. घरात काय संपलंय ते माहीत नाही. एकदा तिने नुसतं विचारलं, घराला पावसात मीठ किती लागतं, सांगा बघू." ते मडक्याकडे बघत होते. "मी म्हटलं, पाव किलो."

मला हसू येईना. ते म्हणाले, "तीपण हसली नव्हती."

सुलभा आली. ट्रंक दारात सोडून, पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती स्वयंपाकघरात गेली आणि एकेक डबा उघडू लागली. गडग्याच्या पलीकडे तात्या आभाळ बघत असल्यासारखे उभे होते. झाकणांचे आवाज थांबल्यावर तिने विचारलं, हे कुणी भरलं? मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि गडग्याकडे गेली.

तिने तात्यांकडून सगळी हकीकत काढून घेतली. मला पंधरा दिवस लागले ते तिने पंधरा मिनिटांत. मग ती म्हणाली, "सगळं भरून ठेवलंय असं लिहिता, तात्या. मग काकींना वाटणार, यांचं छान चाललंय. चूल पेटत नाही, हे कधी लिहिलंत?"

भोंग्याचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. सुलभाने हात पुढे केला आणि म्हणाली, तुमच्या डब्यातले कुळीथ द्या. ते जरा घुटमळले. ते कुळीथ कुणाचे हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. मग त्यांनी आत जाऊन डबा आणला आणि चिठ्ठी न फाडता झाकण उघडलं.

त्या दिवशी सहा वर्षांनी त्यांच्या चुलीतून धूर निघाला. सुलभाने तिची ट्रंक आमच्या पलंगाखाली ढकलली, अगदी भिंतीपर्यंत. तिने मलाही कामाला लावलं होतं.

तात्यांनी जेवायच्या आधी पोस्टकार्ड लिहिलं. ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं नाही. मग पाटावर बसले, कुळथाच्या कढणाचा भुरका घेतला आणि डोळे मिटले, पिंपळाखाली मिटत तसे. आम्ही वाट बघत राहिलो. बाहेर वारा पडला होता. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते. मी हळूच विचारलं, कसं झालंय?

"अळणी," तात्या म्हणाले. "मीठ तुम्ही घातलंत ना?"